सुमनच्या डागाला मुहूर्त मिळाला नाही

बसा, बसा, माझ्यासाठी उठू नका. दिंडोरीहून माणसं आलीत, सायखेड्याहून सुमनच्या माहेरची आलीत. एवढ्या माणसांपुढे मी काय बोलणार? मला सही करतानासुद्धा घाम फुटतो. पण सुमन माझी धाकटी जाऊ. मी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?

मघाशी एक साहेब म्हणाले, देवाच्या इच्छेपुढे इलाज नसतो. साहेब, इलाज होता. देवाचं नाव घेऊ नका.

गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. मी गेले, सुमन आली, आणि माझी नात रोहिणी, ती अंबडला कंपनीत आहे ना, तीही सुट्टीवर होती. काय योग बघा, तिघींच्याही गर्भपिशवीच्या तोंडावर डाग निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, घाबरू नका, हा कॅन्सर नाही. पण असाच ठेवला तर पुढे होऊ शकतो. आत्ताच काढून टाकू."

रोहिणीला अजून मूल व्हायचं होतं, म्हणून तिचा डाग अगदी बेताने काढला. जागा बधिर केली, तारेच्या कडीने तेवढाच भाग कापला, संध्याकाळी पोरगी घरी. माझं वय झालेलं, डाग आत सरकलेला, म्हणून मला भूल देऊन जरा खोल तुकडा काढला. आणि रोहिणीला आता मुलगा झालाय! पणतू माझा! शोकसभेत हसू नये, कळतं मला, पण त्याचं नाव निघालं की तोंड आवरत नाही. नाक माझं, आवाजही माझाच. सुमननेच त्याचं पहिलं टोपडं शिवलं. असो.

सुमनचंही तारेनेच होणार होतं. मग अडलं कुठे? बाई म्हणाल्या, नंतर दोन-तीन आठवडे थोडं रक्त जाईल. झालं! सुमनच्या नवऱ्याची, दत्तूभाऊजींची थोरली बहीण, आमच्या वन्सं, त्या समोर बसल्यात, त्या म्हणाल्या, "पोराचं लग्न तोंडावर, आणि नवरदेवाची आई बाहेरची बसणार? देवकाला हात कोण लावणार?"

मी म्हटलं, "मी लावते."

"तुम्ही लय शहाण्या," वन्सं म्हणाल्या.

लग्न झालं. मग घट बसले. मग सुनेचं डोहाळजेवण. दर वेळी काहीतरी शुभ, दर वेळी सुमन शुद्ध हवी. आणि भाऊजी, तुम्ही काय म्हणालात? "तिला दुखतंय कुठं?" अहो, डाग दुखत नसतो! द्राक्षाच्या पानावर डावणी रोगाचा ठिपका दिसला की तुम्ही जेवणावरून उठून फवारणीला पळता. बायकोच्या डागाला मात्र मुहूर्त! दुखायला लागलं तेव्हा त्याचा कॅन्सर झाला होता, तारेने निघण्याइतकं ते राहिलंच नव्हतं.

आता ऐका. मी यासाठीच उभी राहिलेय. ती खांबाशी बाळाला घेऊन बसलीय ती पूजा, सुमनची सून. तिचीही तपासणी झाली. तिलाही तसाच डाग. सोमवारी नाशिकला बोलावलंय. आणि आज सकाळी सुमनच्या फोटोला हार घालताना माझ्या कानावर काय आलं? "वर्षश्राद्ध होऊ दे. तोवर सुनेला असलं काही नको."

कोण म्हणालं? मान खाली घालू नका, वन्सं. वर बघा. फोटोकडे बघा.

पूजा, रडू नकोस. सोमवारी मी तुझ्याबरोबर येते. बाळ रोहिणीकडे राहील, माझ्या पणतूला दंगा करायला सोबती मिळेल. आणि वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकाचं, देवाचं काय अडेल ते मी बघते. माझ्या वयाला आता कसली आलीय अडचण?

भाऊजी, तुम्ही फक्त गाडी काढा.

चला, उभे राहा सगळे. सुमनसाठी दोन मिनिटं गप्प राहायचं. आणि सोमवारी सकाळी पूजा उंबरा ओलांडेल ना, तेव्हाही असंच गप्प राहायचं. एकानेही तोंड उघडायचं नाही.