भाषा सांगण्यासाठी नसतेच मुळी

...आणि वर मलाच म्हणतात, तू फार बोलतेस. मी? अहो, मी हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसून अख्खी नोकरी काढली, बोलणं हाच माझा धंदा, पण त्यात एक फालतू शब्द नाही. एक्सरे? दुसरा मजला, लिफ्टच्या डावीकडे. रक्ताचा रिपोर्ट? मागच्या दाराशी, नंबर पुकारल्यावर. विचारलं, सांगितलं, माणूस गेला, पोचला. मी सांगितलं आणि माणूस भलत्याच मजल्यावर जाऊन बसला असं एकदासुद्धा झालं नाही. आणि घरी कोण? तर आमचे हे. विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवतात, आणि यांच्या सगळ्या शास्त्राचं सार काय, तर भाषा सांगण्यासाठी नसतेच मुळी.

हसू नका. मीही लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. मला वाटलं, विनोद करतायत. पण नाही, गंभीर. असा हात वर करून, डोळे मिटून, "भाषा ही विचार करण्यासाठी आहे. माणसाच्या डोक्यात विचार जुळतो तो भाषेमुळे. तो तोंडातून बाहेर येतो आणि दुसऱ्याला ऐकू जातो, हा निव्वळ योगायोग. मिक्सर आवाज करतो, म्हणून मिक्सर आवाज करण्यासाठी असतो का?" मी म्हटलं, अहो, पण मग मिक्सर स्वतःपुरतंच वाटण वाटतो का? तर म्हणाले, "उपमा ताणू नये." म्हणजे यांनी ताणली की सिद्धांत, आणि मी ताणली की...

बरं, मधमाशी. मधमाशीचं यांना भारी कौतुक, पण खालच्या पायरीवरचं. ती पोळ्यात येऊन नाचून दाखवते आणि फुलं कुठे आहेत ते बाकीच्यांना कळतं. "हे झालं सांगणं," हे म्हणतात. "कीटकही करतात. माणूस मात्र मूठभर शब्दांतून अगणित वाक्यं बनवतो, जी याआधी जगात कुणी उच्चारलेली नाहीत." असेल बाई. पण ती माशी घरी येऊन नाचली की अख्खं पोळं उठून निघतं. मी घरी येऊन जगात कुणी न उच्चारलेली अगणित वाक्यं बोलले तरी एक माणूस खुर्चीतून उठत नाही. मग पुढची पायरी कुठली, सांगा तुम्हीच.

आणि म्हणतात काय, "माणूस सगळ्यात जास्त बोलतो तो स्वतःशी, मनातल्या मनात. तूच आठवून बघ." आठवायला कशाला हवं? बोलते की. भांडी घासताना बोलते, बसची वाट बघताना बोलते. पण ते सगळं यांच्याशीच असतं. फरक एवढाच, की तिथे हे ऐकून घेतात.

तर तुम्हाला सांगते, नुसतं ऐकत नाहीत म्हणून कुणी एवढं मनाला लावून घेत नाही. बायका काय, सवय करून घेतात. पण आमच्या यांचं ऐकणं भलतंच. वाक्य ऐकतात, पण त्यात काय म्हटलंय ते ऐकत नाहीत. मी काही बोलले आणि त्याची घडण यांना आवडली, की डोळे चमकतात, कानावरची पेन्सिल हातात येते, आणि, "थांब थांब. हे वाक्य पुन्हा म्हण बघू." मग वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेणार. एकदा मी किंचाळले, "अहो, गॅसवर ठेवलेलं दूध तुम्ही बघतो म्हणालात ते उतू गेलंय." उठले का? "पुन्हा म्हण बघू." दूध ओट्यावरून जमिनीवर, आणि मी पुन्हा म्हणतेय.

पण दुधाचं मी पोटात घातलं. निरोपसमारंभाचं नाही घातलं. ते घालणारही नाही.

रिटायर झाले ना मी. केस काळे होते तेव्हा त्या खिडकीत बसले, ती पांढरे झाल्यावरच उठले. सगळ्यांनी मिळून समारंभ ठेवला, कॅन्टीनच्या हॉलमध्ये, टेबलं बाजूला सारून. नर्सा, वॉर्डबॉय, डॉक्टरमंडळी, झाडून सगळे येणार. मी यांना सांगितलं. नीट सांगितलं, खिडकीत सांगायचे तसं. शुक्रवारी, चार वाजता, कॅन्टीनचा हॉल. आणि मग, आता मन भरून आलं होतं म्हणा, मी म्हटलं, "तुम्ही आला नाहीत तर सगळ्यांना जी रिकामी दिसेल, अशी एक खुर्ची मी तुमच्यासाठी पहिल्या रांगेत राखून ठेवायला सांगितलीय."

यांनी चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडे असं बघितलं, लग्न ठरलं तेव्हाही असं बघितलं नव्हतं. मला वाटलं, माणसाला पाझर फुटला. तर, "पुन्हा म्हण बघू."

म्हटलं. तीनदा म्हटलं. मला काय वाटलं, तीनदा ऐकलं म्हणजे येतीलच.

नाही आले. खुर्ची रिकामी. भाषणं चालली होती आणि माझं लक्ष खुर्चीवर. शेवटी कुणीतरी त्या खुर्चीवर पुष्पगुच्छ ठेवले, तेवढीच झाकली गेली. मोठे डॉक्टर जवळ येऊन हळूच विचारतात, "साहेब नाही आले?" मी, जिने जन्मभर लोकांना कोण कुठे आहे ते सांगितलं, मी म्हटलं, "माहीत नाही."

घरी आले, हातात ते गुच्छ, आणि दार उघडायला हे. चेहरा नुसता फुललेला. "अगं, तुझं ते खुर्चीचं वाक्य. आज वर्गात फळ्यावर लिहिलं. चार वाजता सुरू केलं ते संध्याकाळ झाली तरी पोरं उठेनात."

म्हणजे बघा, माझ्या निरोपसमारंभाला माझं वाक्य गाजत होतं, दुसऱ्याच ठिकाणी. मी म्हटलं, "पण तुम्ही आला का नाहीत?" म्हणाले, "कुठे?" मी म्हटलं, "त्या वाक्यातच होतं की." तर हे जरा आठवून म्हणाले, "हां, तो आशय. आशयाकडे माझं लक्ष नव्हतं." आणि माझा चेहरा बघून, समजूत घालायला म्हणून हो, वर काय म्हणाले? "तू सांगितलंस हे खरं, पण तुला कितीदा म्हटलंय, भाषा सांगण्यासाठी नसतेच मुळी."

बरं, म्हटलं. नसते तर नसते. त्या दिवशी मी ठरवलं, हे उट्टं काढायचं. आणि यांच्याच सिद्धांताने काढायचं.

संधी कशी चालून येते बघा. यांना मोठ्या परिषदेचं व्याख्यान मिळालं. जन्मभर ज्याची वाट बघितली ते व्याख्यान, जुन्या सभागृहात, दुपारी चारला. विषय अर्थातच भाषा कशासाठी. आणि अध्यक्ष कोण? तर यांचा कॉलेजपासूनचा वैरी. त्या गृहस्थांचं म्हणणं बरोबर उलटं, की भाषा आहेच मुळी एकमेकांना सांगण्यासाठी. दोघांनी एकमेकांविरुद्ध लिहून लिहून कपाटं भरलीत. त्याला समोर बसवून त्याचे दात घशात घालायचे, एवढं एकच स्वप्न यांचं. आरशासमोर तालीम चालली होती.

आदल्या दिवशी फोन वाजला. हे फोनला हात लावत नाहीत, फोन म्हणजे भाषेचा सगळ्यात क्षुल्लक उपयोग. मी उचलला. परिषदेचे कार्यवाह. "वहिनी, थोडा बदल झालाय. जुन्या सभागृहाच्या छताचं काम निघालंय, म्हणून नव्या इमारतीत घेतलंय. आणि चारला नाही, सकाळी दहाला. सरांना तेवढं सांगाल ना?"

सांगाल ना? मला विचारतायत. चौकशीच्या खिडकीला. मी म्हटलं, "कळलं हं." बघा, खोटं बोलले नाही. कळलं होतंच. सांगते, असं मात्र म्हटलं नाही. भाषा सांगण्यासाठी नसतेच मुळी. मी नुसता विचार केला. दिवसभर केला, पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवणीतले कपडे काढले, जरा अत्तर लावलं. हे खोलीत येरझाऱ्या घालत होते. आता खरं सांगते, उंबऱ्यात पाय अडखळला. हातात ते कागद, कपाळावर चढवलेला चष्मा सगळ्या घरभर शोधतायत... मी मनाशी म्हटलं, यांनी नुसतं विचारलं ना, 'कुठे निघालीस?', तर सांगून टाकायचं. विचारणाऱ्याला मी जन्मात परत पाठवलेलं नाही. मी उभी राहिले. चपला सावकाश घातल्या. एक काढून पुन्हा घातली. विचारलं का? माझ्याकडे बघून म्हणाले, "चष्मा."

गेले मी.

सभागृह खच्चून भरलेलं. मी पहिल्या रांगेत. व्यासपीठावर दोन खुर्च्या, एकीत अध्यक्ष, एक रिकामी. इतकी छान दिसत होती ती रिकामी खुर्ची म्हणून सांगू. समोर पाण्याचा ग्लास झाकून ठेवलेला. दहा वाजून गेले. लोक घड्याळं बघतायत, कार्यवाह घामाघूम, "वहिनी, सर कुठे?" मी म्हटलं, "माहीत नाही." तेच शब्द, त्याच आवाजात. ते घरी फोन लावतायत, आणि मला इथे बसून दिसतंय की तिकडे फोन ठणाणा वाजतोय आणि हे त्याच्याकडे तुच्छतेने बघतायत. गार वाटलं हो जिवाला.

शेवटी अध्यक्षच बोलायला उभे राहिले. भाषा म्हणजे माणसा-माणसांतला पूल, बोलणारा आणि ऐकणारा, एकाशिवाय दुसरा अपुरा. टाळ्या. मला रडूच आलं. व्याख्यान संपल्यावर धावत गेले, म्हटलं, "सर, अगदी माझ्या मनातलं बोललात, कारण काय आहे ना, आमच्या घरी..." म्हणाले, "हो हो, थँक यू," आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे कुलगुरू दिसतायत का ते बघत निघूनसुद्धा गेले. पूल.

जाऊ दे. घरी आले, वाढलं, यांना कोट चढवून दिला आणि तीनच्या सुमाराला दारात उभं राहून हात हलवला. मग बसले वाट बघत. कसे परत येतील? मान खाली, खांदे पडलेले. मी काय म्हणायचं तेही ठरवलं होतं. 'तो आशय, तिकडे माझं लक्ष नव्हतं.'

आले. शीळ घालत.

"अगं, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं व्याख्यान झालं. दोन तास. एकाने जांभई दिली नाही, एकाने शंका काढली नाही. आणि त्या अध्यक्षाचं तर तोंडच उघडलं नाही." मी म्हटलं, "लोक किती होते?" तर, "मी बोलताना डोळे मिटतो, तुला माहीतच आहे. पण वर बाल्कनीतून सारखा प्रतिसाद येत होता. ठकठक, ठकठक." अहो, छत ठोकत होते ते. परांचीवर चढून.

मग माझा बांध फुटला. मी म्हटलं, "ज्या व्याख्यानासाठी तुम्ही जन्मभर थांबलात ते सकाळीच दुसरीकडे होऊन गेलं हे मला माहीत असूनही, माझी खुर्ची ज्या माणसाने रिकामी ठेवली त्याला ते मुद्दाम न सांगता, रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलायला मी त्याला हाताने कोट घालून पाठवलं."

यांचं तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, पोचलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पोचलं.

यांनी सावकाश हात कानाकडे नेला. पेन्सिल काढली. वर्तमानपत्र ओढलं. "पुन्हा म्हण बघू."

आणि तुम्हाला सांगते, म्हटलं मी. पुन्हा म्हटलं. जरा थांबत थांबत, म्हणजे त्यांना लिहून घेता येईल.