शेंड्याचं कुंकू

नागुबाई : “शेंड्याला कुंकू लावल्याबिगर दांडी खाली ठेवायची न्हाई, सुदर्शनच्या माय. पानं झडलेल्या सालईच्या तोडलेल्या फांदीचं वर-खाली कळत न्हाई.” असं म्हणायचे तुझे मामा. दर उन्हाळ्यात. मी हसायची.

शिल्पा : मग आवंदा लावलं नव्हतं का, आत्याबाई?

नागुबाई : न्हाई.

(इस्लापूरजवळच्या रोपवाटिकेत सासू-सुना बसल्या आहेत. पुढ्यात मातीच्या पिशव्यांच्या रांगा, त्यांत रोवलेल्या सालईच्या दांड्या.)

शिल्पा : दोनशे दांड्या. एकीलाबी न्हाई?

नागुबाई : ते गेल्यापासून करंड्याला हात कुठं लावला मी? म्हणलं, डोळ्यानं वळखू. तीस वरसं ह्याच कामात गेली.

शिल्पा : मला सांगायचं होतं. मी लावलं असतं की.

नागुबाई : सांगायला तोंड उचललं न्हाई, बाई.

शिल्पा : ही बघा. मातीतलं टोक सडलंय, आणि कोंबाच्या डोळ्यांची तोंडं खाली हायेत.

नागुबाई : दुसरी काढ.

शिल्पा : सात काढल्या. सातही उलट्या.

नागुबाई : महादेवा. माझ्याच हातानं झालं. सुदर्शननं मोळी आणली, ती मी देवापुढं उभी केली. बुडाचा चीक देवाच्या ओट्यावर गळू नये म्हून बूड वर केलं. दुसऱ्या दिशी तशीच उचलून लावत गेले.

शिल्पा : सकाळधरनं पाण्याचा थेंब न्हाई तोंडात. पाणी घ्या.

नागुबाई : सोमवारचा उपास हाय. दिवा लागल्यावर घेईन.

शिल्पा : देवानं सांगितलं का, उपाशी चक्कर येऊन पडा म्हून? ह्यांना फोन लावते. रविवारी मुदखेडहून येतील, तवा नव्या दांड्या आणतील.

नागुबाई : सकाळी शेजारची राजकन्या सांगत होती, सालईच्या शेंड्याला लाली आलीय. रविवारपतोर पालवी फुटंल, आणि पालवी फुटली की दांडी मूळ धरत न्हाई.

शिल्पा : मग पुढल्या वरसी लावू.

नागुबाई : वणव्यातून सबंध डोंगरावर एकच सालई राहिली. अर्धी जळलेली. ती पुढल्या वरसी असंल कशावरून?

शिल्पा : म्हणजे तुम्ही जाणार? मामा पडले त्या झाडाकडं?

नागुबाई : वरसभर त्या वाटेनं सरपणालाबी गेले न्हाई मी. डोळा लागला की फांदी मोडल्याचा आवाज येतो.

शिल्पा : आणि आता चढणार?

नागुबाई : चढायचं न्हाई. एक फांदी खाली हाय. दरसाली तेवढी सोडून ते वर चढायचे. एकदा विचारलं, ही का सोडता? तर म्हणले, ही तुझ्या हाताला येती. एखाद्या साली मी नसलो तर डोंगरावर झाडं तू लावशील का? मी लई रागावले. असं अभद्र बोलू नका म्हणले. पण हाव म्हणल्याबिगर ते खाली उतरंनात.

शिल्पा : मी येते संगं.

नागुबाई : तू पिशव्या मोकळ्या कर. सडकी माती उन्हात घाल.

शिल्पा : भ्याव वाटतंय न्हवं?

नागुबाई : लई.

शिल्पा : मग?

नागुबाई : कोयता दे. आणि देवळीतला करंडा.

शिल्पा : पुडीत थोडं कुंकू बांधून देऊ?

नागुबाई : न्हाई. करंडाच दे. दोनशे शेंडे हायेत.