दोन बोटं धूळ

अण्णाप्पा : न्हाय, पण बाई, एक काय ते सांगा की. पूर आलता का न्हवता?

आदिती : आला होता, काका. पण हे घर सोडून माणसं गेली, त्यानंतर.

अण्णाप्पा : मग सकाळी ह्या बायडाबाईंनी वेगळंच सांगितलं. पाणी चढलं, मानसं पळाली, घरची बाई म्हशीचं दावं सोडायला माघारी फिरली आणि वाहून गेली. तुमच्या फलकावर त्यातलं एक अक्षर न्हाय. हुपरीहनं पहिल्या एसटीनं आलो, खोदकाम सगळ्यांना बघायला मिळतंय म्हणून. आणि आमची बायको राजमती तिकडं चिंचंखाली बसून रडालीया. दोन हजार वर्षांमागच्या बाईसाठी!

आदिती : मावशी, हे तुम्ही सांगितलंत?

बायडाबाई : सांगितलो की. तुमी फोनवर गेलासा. हितं चाळीस मानसं खड्ड्याभवतीनं हुबी. इचारालती, ह्या घरातली कुठं गेली? गप बसू व्हय?

आदिती : माहीत नाही म्हणायचं.

बायडाबाई : तीन म्हैनं उकरालोय आनि म्हाईत न्हाय?

आदिती : नाही माहीत. हे बघा, खाली घराची जमीन. तिच्यावर दोन बोटं धूळ. मग पडलेल्या छपराची माती. आणि पुराचा गाळ पार त्याच्यावर. म्हणजे पाणी आलं तेव्हा घर कितीतरी वर्षं ओस पडलेलं होतं.

बायडाबाई : ती धूळ मीच झाडली न्हवं? ब्रशानं?

आदिती : तुम्हीच. वेगळी दिसते म्हणून हाकही तुम्हीच मारलीत मला.

बायडाबाई : मग हे जातं हितंच ठिवून गेली कशी? सांगा की. बाई घर सोडून निघाली, तर जातं ठिवून जाईल?

आदिती : तेच मलाही कळत नाही.

अण्णाप्पा : थांबा, थांबा. माझा घोटाळा व्हायलाय. पूर नंतर आला. मानसं आधी गेली. मग ती म्हस कुठली?

आदिती : म्हशीचं इथं काहीच नाही मिळालेलं. मावशी, म्हैस कुठून आणलीत?

बायडाबाई : आमचीच.

आदिती : म्हणजे?

बायडाबाई : एकोणीस सालच्या पुरातली. धोंडुबाई, माझी ननंद. आमी समदी होडीत बसलो आनि ही म्हनली, दावं सोडून येतो, जनावर बांधल्यालं हाय. म्हस पवत आली.

आदिती : आणि त्या?

बायडाबाई : म्हस आली म्हनलो की.

अण्णाप्पा : अरारा.

बायडाबाई : सा वर्सं झाली. सासू उठली की इचारत्या, धोंडू कुठं गेली? म्हाईत न्हाय म्हनायचं. तिची पोरगी म्हायेराला आली की त्येच. आनि आज ह्या पावन्यांनी त्येच इचारलं. त्वांडातनं निघून गेलं. म्हनलं, ह्या घरच्या बाईचं तरी संपू दे.

आदिती : मावशी, मला हे ठाऊकच नव्हतं. इतके दिवस शेजारी बसून माती झाडतोय आपण.

बायडाबाई : तुमी इचारलासा कुठं? मडक्याचं इचारतासा. उद्यापास्नं येऊ नको म्हना. चुकीचं सांगितलो, खरं हाय.

आदिती : तसं नाही हो. मला आता काय करावं तेच समजेना. चाळीस माणसं तेच ऐकून घरी गेली.

अण्णाप्पा : आणि मी राजमतीला काय सांगू? ती विचारणार, खरं काय म्हणून. खोटं म्हटलं तर खोटं न्हाय. खरं म्हटलं तर त्या घरातलं न्हाय.

आदिती : तुम्हाला सांगायला लावू नये मी, पण... मावशी, तुम्हीच जाता का त्यांच्याकडं?

बायडाबाई : जातो. धोंडुबाईचं सांगतो. तिला कळंल.

आदिती : आणि बारा वाजताचा गटही तुम्हीच घ्या. धुळीचं सांगा. ती तुम्हाला सापडली.

बायडाबाई : आनि कुठं गेली इचारलं तर?

आदिती : मी असेन शेजारी.

(थोड्या वेळानं. खड्ड्याभोवती नवी माणसं.)

बायडाबाई : कडंला पाय दिऊ नगासा, पावनं, माती ढासळत्या. हे घर. त्ये जातं. ही दोन बोटं धूळ दिसत्या न्हवं? पानी यायच्या लई आदीच ही मानसं गेल्ती... काय म्हनलासा? कुठं? अजून कळल्यालं न्हाय. हुडकालोय.