पायपेटीची करकर

केडगाव स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत करुणाच्या पुढं दोघं उभी होती. मिशनच्या चर्चमध्ये पायपेटी वाजवणाऱ्या ग्लॅडिसबाई, आणि मुंबईत टीव्हीवरच्या लहान मुलांच्या कार्यक्रमाला संगीत देणारा त्यांचा भाचा नथानिएल.

"मग तुझा साहेब म्हणतो काय?"

"गाण्यात तुमच्या पेटीची करकर ऐकू येती. ती काढ, सगळं कीबोर्डवर कर, न्हाईतर उद्यापास्नं येऊ नको."

"मग काढ की. आठ वर्षांची नोकरी हाय तुझी."

"न्हाई काढत, मावशी."

"रेकॉर्डिंगच्या दिवशीच म्हणले होते, पायाखालच्या फळीला तेल घालू, करकरती. तर तूच म्हणलास, ऱ्हाऊ द्या."

"अजून म्हणतो. पोरांना तेच आवडतंय."

करुणाच्या लहानग्या सम्राटला त्या कार्यक्रमाच्या गाण्याचे शब्द येत नव्हते. रोज टीव्हीपुढं बसून तो तोंडानं नुसती करकर करायचा. करुणा एक पाऊल पुढं सरकली.

"पोरं काय तुला नोकरी देणार हायत?"

"कार्यक्रम पोरांचा हाय, साहेबाचा न्हाई."

"लई ताठा बरा न्हवं. आजून काय म्हणला त्यो?"

"जाऊ द्या."

"सांग म्हणते ना."

"खेड्यातल्या म्हातारीनं वाजवल्यासारखं वाटतंय, म्हणला."

रांग खिडकीशी आली.

"मुंबई, एक," नथानिएल म्हणाला.

ग्लॅडिसबाईंनी त्याचा हात बाजूला सारला.

"दोन द्या. करकर काढायचीच आसंल, तर साहेबाला म्हणावं, म्हातारीच्या तोंडावर सांगून काढ."