या म्हटलं आणि व्याही आले

...नाही, पण मला सांगा, माणसानं ‘या’ म्हटलं म्हणून लगेच यायचं असतं का? ही काय रीत झाली? तीस वर्षं वार्ताहर म्हणून घालवली मी या जोग्जा शहरात, मंत्र्यांना भर सभेत ‘तुम्ही धडधडीत खोटं बोलताय’ म्हणालो, दोनदा धक्के मारून बाहेर काढलंय मला... पण या आमच्या व्याह्यांपुढं, तुम्हाला सांगतो, माझी जीभ टाळ्याला चिकटली!

व्याही म्हणजे बोनार सितांगांग. समुद्रापलीकडच्या मेदानचे. मेदानचा माणूस नुसतं ‘मीठ द्या’ म्हणाला तरी शेजारी भांडण सोडवायला धावतात, तसला आवाज. त्यांच्या मुलाशी, पार्लिनशी, आमच्या लेकीचं, रात्रीचं, लग्न ठरलंय. एकुलती एक पोरगी हो! आता लग्नानंतर पोरांनी राहायचं कुठं, जोग्जात की मेदानला? तर व्याही म्हणाले, “मी दोन दिवस येतो, शहर बघतो, मग सांगतो.” झालं! आमच्या सौभाग्यवतींनी, सुलास्त्रीबाईंनी, मला कोपऱ्यात घेतलं. “हे बघा, तुमचा तो पत्रकारी तोंडाळपणा दोन दिवस खुंटीला टांगून ठेवा. त्यांना शहर आवडलं नाही तर पोरगी जाईल समुद्रापलीकडं, आणि मग तुम्हीही जा!”

मी काय कमी तयारी केली? सकाळी राजवाडा, मग जलमहाल, दुपार कलली की प्रंबाननची देवळं! टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी. आम्ही निघालो. आणि फाटकाबाहेर शेजारच्या तुमिराहवहिनी आपलं अंगण झाडत होत्या.

“कुठं निघालात, भावोजी? या की घरात!”

आता याला उत्तर काय? शेंबडं पोरसुद्धा सांगेल, ‘पुढच्या वेळी नक्की!’ त्यांनी हसायचं, आपण हसायचं, दोघांनी सुटायचं. आमच्याकडं म्हणायची पद्धत आहे, यायची नाही! आणि व्याही? “अरे वा!” असा गल्ली दणाणून सोडणारा आवाज, बूट काढले आणि थेट आत! वहिनींच्या हातातला झाडू तसाच हवेत. माझ्याकडं बघताहेत... ‘भावोजी, हे काय?’ मी आभाळाकडं बघतोय. चहा झाला, दुपारच्या जेवणासाठी तळून ठेवलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे काप, तेही झालं. वहिनी तोंडदेखलं म्हणाल्या, “अजून घ्या ना!” यांनी घेतलं!

बरं, सांगावं का त्यांना? सांगतो की, मी कुणाला भितो? पण विचार करा, सांगायचं काय? ‘व्याहीबुवा, आमच्या गावात माणसं जे बोलतात ते त्यांच्या मनात नसतं’? म्हणजे शहराला खोटारडं ठरवायचं आणि वर म्हणायचं, तुमचा मुलगा इथं ठेवा? अडकलो ना! आयुष्यात पहिल्यांदा.

तिथून निघतो तर सास्त्रोगुरुजी. निवृत्त शिक्षक, ओटीवर पिंजऱ्यातल्या कवड्यांना दाणे घालत बसलेले. “आम्ही आता पानावर बसतोच आहोत, या जेवायला!” मी घाईघाईनं ओरडलो, “पुढच्या वेळी नक्की!” तोवर व्याही पाट शोधताहेत! फणसाची गोड भाजी यांनी तीनदा मागून घेतली. वर “मेदानला एवढं गोड फक्त औषधात मिळतं” असं तोंडावर सांगितलं. गुरुजींच्या बायकोला आधी ठसका लागला, मग हसू आवरेना. पन्नास वर्षांत त्या माउलीला स्वयंपाकाबद्दल खरं कुणी बोललं नव्हतं हो! इकडं राजवाड्याची दारं बंद. प्रंबाननची देवळं पाहिली, नाही असं नाही... गुरुजींच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात.

दुसऱ्या दिवशी मी चलाख झालो. यांना मागच्या बोळातून काढलं, चिटपाखरू नाही. आणि वळणावर कोण? आपल्याच सायकलरिक्षात पाय पसरून, केळीच्या पानावरचा भात खात बसलेला पारिजान. एक पान, एक अंडं. “या, जेवा!” म्हणाला बिचारा. घास हातात असताना समोरून माणूस आला तर म्हणतातच ना! आमच्याकडं म्हणायची पद्धत आहे, यायची नाही! व्याही रिक्षात चढले. अर्धं अंडं खाल्लं, तुम्हाला सांगतो! अर्धं! आणि मग खूश होऊन मेदानकडचं गाणं म्हणायला घेतलं. त्या आवाजानं पडदे हलले, माणसं बाहेर आली, गुरुजी पिंजरा घेऊन आले, तुमिराहवहिनी, ज्यांचं टेंपे यांनी संपवलं होतं त्या, आज आपणहून ताटभर घेऊन आल्या! जलमहाल? कसला जलमहाल! सगळी जोग्जा यांनी आमच्याच गल्लीत पाहिली.

संध्याकाळी विमानतळाची टॅक्सी दारात. गंडलं सगळं, एक देऊळ दाखवलं नाही, पोरगी गेली समुद्रापलीकडं! तेवढ्यात व्याह्यांनी माझे दोन्ही खांदे धरले, डोळे भरलेले. “आमच्या गावात बोलावलं तर बोलावलं, नाहीतर चालता हो म्हणतात. इथं ओळख ना पाळख, जो दिसेल तो जेवायला बोलावतो! असली माणसं सोडून पोरांनी मेदानला कशाला यायचं? राहतील इथंच!”

सुलास्त्रीनं पदरानं डोळे टिपले. आणि मी... मला इतकं सुटल्यासारखं झालं, इतका आनंद झाला, की तोंडातून आपसूक गेलं हो, तीस वर्षं मंत्र्यांना झोडपणाऱ्या या तोंडातून गेलं, “मग एवढी घाई कसली? राहा की अजून थोडे दिवस!”

व्याह्यांनी टॅक्सी परत पाठवली.

त्यालाही आता पावसाळा उलटला! माझी आरामखुर्ची त्यांची, माझं वर्तमानपत्र आधी त्यांचं. रोज सकाळी आमच्या फाटकाशी उभे राहून दिसेल त्याला हाक मारतात, “या की घरात!” आणि मंडळी, ते मनापासून म्हणतात! गल्ली सोकावलीय. काल तर पोस्टमन जेवून गेला!

असो. तुम्ही इतका वेळ ऐकून घेतलंत, या एकदा घरी चहाला... अहो, अहो, उठलात कुठं? आमच्याकडं म्हणायची पद्धत...

बरं. चला. चपला दाराशी काढा, आणि व्याह्यांच्या पलीकडं जागा मिळेल तिथं बसा.