दादांच्या दुकानातले मऊ बूट

...नाही, पण मी म्हणते, माणसाने समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलावं की नाही? आमचे डॉक्टर बघतात पायांकडे! तुम्हाला सांगते, इतकी वर्षं संसार केला, या गृहस्थाला माझा नवा चष्मा कधी दिसला नाही, पण टाचेला बारीकशी भेग पडली तर दारातूनच ओरडले, "थांब, हलू नकोस!" मला वाटलं साप निघाला! कुणाच्या घरी बसायला जा, लग्नाला जा, कुणी गेलं म्हणून समाचाराला जा... हे खुर्चीतून वाकलेच, "शुगर आहे ना तुम्हाला? जरा पाय दाखवा." अहो, समाचाराला आलोय आपण! रडणाऱ्या माणसाने एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने मोजा काढलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय.

आधी नव्हते हो असे. सर्दी, खोकला, पोटदुखी, सगळं कसं सुरळीत चाललेलं. फॅमिली डॉक्टर म्हणजे काय, निम्मा डॉक्टर आणि निम्मा घरातलाच माणूस. मग एक आजी यायला लागल्या, पायाला जखम घेऊन. हे पट्टी बांधायचे, आजी जायच्या, पुढच्या खेपेला पट्टी सोडावी तर जखम आपली जिथल्या तिथे! शेवटी मोठ्या हॉस्पिटलात त्यांचा पाय काढला, आणि भेटायला गेलो तर यांनाच म्हणतात, "डॉक्टर, पट्टी मात्र तुम्ही छान बांधायचात हो." झालं! ते वाक्य यांच्या जे जिव्हारी लागलं... चाळिशी उलटलेला माणूस पुन्हा पुस्तकं घेऊन बसला. कशाला? जखमा शिकायला!

पुढे तर यांच्या दवाखान्यात ते नळकांडं आलं. नळकांडं काय, माणूस मावेल एवढी काचेची नळीच. पेशंटला आत निजवायचं, दार घट्ट लावायचं आणि आत ऑक्सिजन दाबाने भरायचा. म्हणजे जिथे रक्त धड पोचत नाही तिथेही तो पोचतो आणि जखम भरून यायला लागते. आत जाताना अंगाला तेल नाही, अत्तर नाही, हातात घड्याळ नाही, कपडे सुती, कारण ठिणगीची भीती. कानात दडे बसतात, म्हणून सारखे आवंढे गिळायचे. आमची शेजारीण म्हणाली, "हवाच खायची तर बागेत जावं की!" पण पाय वाचले हो लोकांचे. सगळ्यांचे नाही. हे स्वतःच सांगायचे, "ही काही जादू नाही. पट्टी, पथ्य, औषध, बूट, सगळं जागेवर हवं."

बूट! तिथेच तर घात झाला.

आमचे थोरले दीर, दादा, त्यांचं बुटांचं दुकान. एक भाऊ लोकांचे पाय उघडतो आणि दुसरा झाकतो, असं आम्ही सगळे हसायचो. डॉक्टर आपले पेशंट दादांकडेच पाठवायचे. आता नवा बूट म्हटला की चावणारच. तुम्हाआम्हाला चावला तर आपण शिव्या देऊन काढून ठेवतो. पण शुगरने ज्याचे पाय बधिर झालेत त्याला कळणार कसं? तो बापडा त्याच बुटात चालत राहतो, आणि संध्याकाळी मोजा काढावा तर रक्त. डॉक्टर एकदा नुसतं बोलले, "दादा, तुझे बूट चांगलेच रे, पण नवे कडक असतात." दादा म्हणाले, "बघतो."

आणि काय सांगू, पुढच्या महिन्यापासून दुकानातून बूट यायला लागले ते लोण्यासारखे मऊ! पेशंट खूश, डॉक्टर खूश. ज्याला त्याला सांगत सुटले, "माझ्या भावाच्या दुकानासारखा माल कुठे नाही!" कसा मऊ होतो, हे विचारलं कुणी? कुणी नाही. थोरल्या भावाला विचारायचं? बरं, दादांनाही शुगर होतीच. तर यांनी जगाला म्हणायचं, "जरा पाय दाखवा," आणि दादांना काय? "गोळ्या घेतोस ना?" "घेतो." संपलं! जो माणूस दिवसभर स्टुलावर बसून लोकांचे पाय हातात घेतो, त्याचे पाय बघायचं कुणाच्या डोक्यात येणार, तुम्हीच सांगा!

मग तो वास सुरू झाला. रविवारी दादा आणि जाऊबाई आमच्याकडे जेवायला यायचे. जेवता जेवता मला वास यायचा. जखमेचा. डॉक्टरची बायको मी, मला नाही कळणार? मी म्हटलं, "अहो, वास येतोय." तर हे ओशाळे होऊन म्हणाले, "माझ्याच कपड्यांना असेल गं, आज फार पट्ट्या केल्या," आणि भरल्या ताटावरून उठून अंघोळीला! तिकडे जाऊबाईंना त्यांच्या घरात वास आला तर त्या काय म्हणाव्यात? "भाऊजी येऊन गेले ना दुपारी, त्यांचाच." म्हणजे बघा, दोन घरं नाकाला पदर लावून बसलीत आणि दोन्ही घरांनी संशय घेतला तो डॉक्टरांचा!

मग डॉक्टरांना ताप आला. दवाखाना बंद, हे अंथरुणात, कपडे धुतलेले, चादरी बदललेल्या. दादा भावाला बघायला आले, उशाशी बसले, डोक्यावर हात ठेवला. आणि वास आला.

हे ताडकन उठून बसले. दादांकडे बघतच राहिले. आणि मग, तुम्हाला सांगते, इतक्या लोकांना म्हणून झालं होतं, पण असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "दादा... जरा पाय दाखव."

"अरे, तुझा ताप बघ आधी."

"दादा, बूट काढ."

काढला. मी नाही सांगत तुम्हाला काय होतं ते.

कसं झालं, विचारलं तर दादा कसे, जणू दुकानातली युक्ती सांगतायत! म्हणे, "तुझ्या पेशंटांचे बूट मी आधी वापरून मऊ करायचो. आठवडाभर पायात घातले की कातडं नरम पडतं." अहो पण दादा, तुमचा पाय आठ नंबरचा! सात नंबरचे बूट कसे घालत होतात? "घालायचो दाबून. माझे पाय बधिर झालेत रे, काही लागतच नाही. म्हटलं, नाहीतरी मला कळत नाही, तर तुझ्या पेशंटांच्या तरी उपयोगी पडू देत."



रोज त्या नळीत निजवलं त्यांना. बाहेर बसायला माणसं होती, पण हे स्वतः बसायचे, आतल्याशी बोलायचा फोन कानाला लावून. आतून दादा कुरकुर करायचे, "धाकट्या, शोकेसमधे बूट ठेवावा तसं ठेवलंयस मला!" हे म्हणायचे, "दादा, आवंढा गिळ," आणि गिळायचे स्वतःच. मधे जखमेला जरा ताजी लाली आली, म्हणजे भरून यायची खूण, तेव्हा हे घरी शीळ घालत आले. शीळ! आणि मग जखम हाडात गेली.

पाय काढायचा हे किती जणांना सांगितलं असेल यांनी. दादांपुढे तोंडच उघडेना. शेवटी दादाच म्हणाले, "जखम बघून तुझं तोंड कसं होतं ते कळतं मला. कधी काढायचा तेवढं सांग." गुडघ्याखालून काढला. मी बाहेर बसून रडले, हे रडलेसुद्धा नाहीत. त्याचंच मला अजून वाईट वाटतं.

आता दादा पुन्हा दुकानात बसतात, कुबडी काउंटरला टेकवून. हे दवाखाना आटपला की तिथेच जातात. परवा मीही गेले होते. तर एक गृहस्थ तणतणत आत आले. यांचेच पेशंट, याच नळीत पाय वाचलेले! हातात नवी जोडी. "काय हो, तुमच्या दुकानाला झालंय काय? मागचे बूट कसे मऊ होते! हे चावतात. पार दर्जा घसरला तुमचा!"

डॉक्टर पांढरे पडले. पण सवय कुठे जाते? खाली वाकून म्हणाले, "कुठे चावतात? जरा पाय दाखवा." बघितला. फोड नव्हता, काही नव्हतं. पाय अगदी ठणठणीत, चावलेलं कळण्याइतका.

आणि दादा काउंटर धरून उभे राहिले, गिऱ्हाइकासमोर उभं राहतात तसे, आणि म्हणाले, "माफ करा साहेब. माल आता पूर्वीसारखा येत नाही."

मग काय, आम्ही दोघांनीही माना डोलावल्या. म्हटलं, खरंय हो. नाहीच येत.