कपाटातला दुसरा संगणक

(सिएनफुएगोस या बंदराच्या शहरातली एक सहकारी यंत्रशाळा. सकाळचे अकरा. दोन वाजता वीज जाणार, ती परवापर्यंत येणार नाही.)

निउर्का : हात काढा, मास्तर. मशीन पुन्हा चालवते.

आर्सेनिओ : कशावर? साबणाची ही शेवटची वडी. तीसुद्धा बायकोच्या महिन्याच्या रेशनमधली. विचारून आणलेली नाही.

निउर्का : या टोकाला जागा आहे थोडी... हं. बघा, या वेळी वर्तुळाची टोकं जुळली.

आर्सेनिओ : नख फिरव त्यावरून.

निउर्का : अडतंय.

आर्सेनिओ : अर्धा मिलिमीटर. साबणाला चालेल, टेकडीवर पाणी चढवणाऱ्या पंपाच्या पंख्याला नाही. आणि पंख्यासाठी कासं एवढंच आहे. बंदरावरच्या रेम्बेर्तोने बुडालेल्या होडीचा पंखा पाण्यात उतरून काढला, तो वितळवून ही चकती ओतली. ही बिघडली तर आपल्यासाठी दुसरी होडी कोणी बुडवणार नाही.

निउर्का : प्रोग्रॅम तोच आहे हो. मशीनच्या जळालेल्या संगणकाच्या डिस्कवरून जसाच्या तसा उतरवून घेतलाय. हा लॅपटॉप फक्त त्या जुन्याचं सोंग घेतो.

आर्सेनिओ : सोंग चांगलं वठवतो. पण मध्येच जातो कुठे?

निउर्का : याला शंभर कामं. घड्याळ बघ, पडदा रंगव. तेवढ्यात मोटरला एखादा इशारा उशिरा पोचतो आणि कटर मागे राहतो. जुन्याला दुसरं कामच नव्हतं.

आर्सेनिओ : माझ्यासारखं. मग याचीही बाकीची कामं बंद कर.

निउर्का : कालपासून तेच करतेय. आधी एक मिलिमीटर चुकत होतं, आता अर्धा. याच्या खाली येत नाही.

आर्सेनिओ : तर मग पंख्याची पाती हाताने कोरतो.

निउर्का : मागच्या वर्षी कोरली होतीत. पंप चार दिवस थरथरला आणि बेअरिंग गेलं.

आर्सेनिओ : पाचव्या दिवशी दुपारपर्यंत चालला होता.

निउर्का : मास्तर, टेकडीवर अकरा दिवस पाणी नाही. आई काल बादली घेऊन उतारावर पडली. मनगट सुजलंय. खाली माझ्याकडे चल म्हटलं, तर म्हणते, कोंबड्यांना पाणी कोण देणार. आज पुन्हा उतरली असेल, दुसऱ्या हाताने.

आर्सेनिओ : तुझी आई ऐकायची नाही.

निउर्का : तुम्ही तरी ऐका. या मशीनसाठी एकसारखे दोन संगणक आले होते, हे तुम्हीच शिकवताना सांगायचात. एक राबेल, दुसरा कपाटात झोपेल. कपाटाची किल्ली कालपासून मागतेय. तुम्ही हरवली म्हणता.

आर्सेनिओ : किल्ली हरवलेली नाही. कपाट रिकामं आहे.

निउर्का : कोणी नेला?

आर्सेनिओ : मीच दिला. इथे आजवर कुणाचं काम अडलं आणि आपण कपाट मिटून बसलो, असं झालंय का? एका पोरीचा डिप्लोमा अडला होता. घरी संगणक नव्हता. इथे रोज दारात उभी राहायची.

निउर्का : तो? तुम्ही तर म्हणालात, भंगार आहे, घेऊन जा.

आर्सेनिओ : राखीव आहे म्हटलं असतं तर नेला असतास?

निउर्का : सतरा वर्षांत एकदाही परत मागितला नाहीत.

आर्सेनिओ : वेळ आली नव्हती. आणि कालपासून तोंड उघडवत नव्हतं. आता मागतो. कुठे आहे?

निउर्का : मी खरंच भंगार समजले, मास्तर. डिप्लोमा झाल्यावर आईकडे टाकला. अंगणातल्या टाकीच्या तिवईचा एक पाय मोडलाय. त्या जागी तोच लावलाय तिने. डब्याचा पत्रा जाड आहे म्हणून.

आर्सेनिओ : पाण्याच्या टाकीखाली.

निउर्का : हो. गळते टाकी.

आर्सेनिओ : म्हणजे आत गंज.

निउर्का : असेलच. किती, ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

आर्सेनिओ : पंखा कापायला सव्वा तास. टेकडीवर जाऊन यायला एक. उरलेल्या वेळात तो साफ करून जोडायचा. रेम्बेर्तोची मोटरसायकल माग, माझं नाव सांग. आणि त्यालाही घेऊन जा, टाकी उचलायला दोघं लागतील.

निउर्का : एकटी उचलेन. रिकामीच आहे ना.